घरच्या पोकरमध्ये आधी कोण बोलणार? पाळीचे नियम ठरवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात-आठ जणांचा टेक्सस होल्डेमचा (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच, असा पोकर) डाव दर आठवड्याला बसतो. फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडल्यावर, पहिली पाळी कोणाची यावरून दोन तट पडले आहेत. काहींच्या मते बटणाच्या (वाटणाऱ्याची जागा दाखवणारी, दर डावाला पुढे सरकणारी चकती) डावीकडच्याची, काहींच्या मते ज्याने शेवटचं रेझ केलं, म्हणजे लावलेले पैसे वाढवले, त्याची. शिवाय कोणी बाद झालं की बटण कुठे सरकवायचं, दोघंच उरले की ब्लाइंड (बटणाच्या डावीकडच्या दोघांनी पत्ते न बघता भरायच्या सक्तीच्या रकमा, एक छोटी, एक मोठी) कोणी भरायचे, स्ट्रॅडल (पत्ते बघण्याआधी हौसेने टाकलेली जादा रक्कम) चालू द्यायचं का, पाळी नसताना कोणी बोललं तर काय, हे सगळं दर वेळी नव्याने वाद घालून ठरतं. आणि शेवटी विचारलं आहे: घरचाच डाव आहे, कुठलाही एक नियम धरला तर बिघडतं काय?

बिघडतं. मी बरीच वर्षं घरगुती डाव चालवतोय. पत्तेही वाटतो आणि तंटेही सोडवतो. पैशांच्या हिशेबावरून जेवढी माणसं नाराज होऊन उठलेली पाहिली, त्यापेक्षा जास्त पाळीच्या गोंधळावरून उठलेली पाहिली आहेत. त्यांचं चुकत नव्हतं. पोकरमध्ये पाळीचा क्रम म्हणजे माहितीचा क्रम. जो शेवटी बोलतो त्याला आधीच्या सगळ्यांनी काय केलं हे कळलेलं असतं आणि तो स्वतः अजून काहीच बोललेला नसतो. या एका गोष्टीची किंमत पत्त्यांइतकी आहे. आठ जणांच्या टेबलावर आठ डावांत प्रत्येकाला बटण एकदा मिळतं आणि ब्लाइंड दोनदा भरावे लागतात, एकदा छोटा, एकदा मोठा. ब्लाइंड ५ आणि १० चे असतील तर एका चक्रात प्रत्येकाच्या खिशातून १५ जातात आणि त्याबदल्यात एकदा सगळ्यात शेवटी बोलायची जागा मिळते. हा सौदा सगळ्यांना सारखा आहे, म्हणून खेळ न्यायाचा आहे. घरचा नियम निवडताना मी एवढंच बघतो की या नियमाने कोणाची शेवटची पाळी हिरावली जाते का, किंवा कोणाला ती फुकटात मिळते का.

या कसोटीवर 'शेवटचं रेझ करणारा आधी बोलेल' हा नियम लगेच पडतो. उदाहरण घेऊ. बटण आठव्या जागेवर आहे, छोटा ब्लाइंड पहिलीवर, मोठा दुसरीवर. तिसऱ्याने नुसता कॉल केला, म्हणजे लागेल तेवढीच रक्कम भरली, चौथ्याने रेझ केलं, आठव्याने आणि तिसऱ्याने ते कॉल केलं. बटणाच्या नियमाने फ्लॉपनंतर तिसरा, मग चौथा, मग आठवा असा क्रम लागतो. त्या दुसऱ्या नियमाने चौथा, आठवा, तिसरा असा लागतो. म्हणजे सगळ्यात अवघड जागेवरून आत आलेल्या तिसऱ्याला आयतीच शेवटची जागा मिळाली, आणि ज्याचं बटण होतं तो मधे अडकला. पुढच्याच आठवड्यात हुशार खेळाडूच्या लक्षात येतं की डाव्या हाताला धाडसी माणूस बसला असेल तर आपण चांगले पत्ते असूनही गप्प कॉल करावा आणि त्याला रेझ करू द्यावं. उरलेल्या तिन्ही फेऱ्या आपण त्याच्यानंतर बोलू. रेझ करणाऱ्याला उलट शिक्षा होते. हळूहळू कोणी रेझच करत नाही आणि सगळे फ्लॉप बघत बसतात.

तरीही हा नियम सांगणारी माणसं काहीतरी मनाने रचून सांगत नसतात, म्हणून त्यांना खोडून काढण्यापेक्षा तो आला कुठून हे सांगितलेलं बरं. पाच पत्त्यांच्या ड्रॉ पोकरचा एक जुना प्रकार आहे, त्यात निदान गुलामांची जोडी हातात असल्याशिवाय पहिली बेट करता, म्हणजे पैसे लावता, येत नाही. तिथे पत्ते बदलून झाल्यावर दुसऱ्या फेरीची सुरुवात ज्याने पहिली फेरी उघडली तोच करतो. त्या खेळात ते शोभतं, कारण उघडणाऱ्याने आपल्याकडे गुलामांची जोडी किंवा त्याहून बरं काही आहे हे सगळ्यांसमोर जाहीर केलेलं असतं. शिवाय तिथे ब्लाइंड नसतात, सगळे सारखा अँटे (डावाआधीची ठरलेली रक्कम) टाकतात, त्यामुळे जागेचा सौदा मुळात वेगळा आहे. दुसरी गल्लत होते ती पत्ते उघडायच्या क्रमाशी. शेवटच्या फेरीत ज्याने शेवटची बेट किंवा रेझ केलं त्याने आधी पत्ते दाखवायचे, हा नियम होल्डेममध्येही खरा आहे. पण तो पत्ते दाखवण्यापुरता. बोलण्याच्या क्रमाशी त्याचा संबंध नाही.

तेव्हा होल्डेमसाठी आणि त्याच घडणीच्या ओमाहा या पोकरच्या प्रकारासाठी नियम असा लिहून ठेवा: फ्लॉपच्या आधी मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडचा पहिला बोलतो आणि मोठा ब्लाइंड शेवटी. फ्लॉप, टर्न (टेबलावरचा चौथा पत्ता) आणि रिव्हर (पाचवा) या तिन्ही फेऱ्यांत बटणाच्या डावीकडचा, अजून डावात असलेला पहिला माणूस आधी बोलतो. काही घरांत चारही फेऱ्या मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडूनच सुरू करतात, लक्षात ठेवायला सोपं म्हणून. त्यात बटणाला काही अर्थच उरत नाही आणि पैसे बळजबरीने भरणाऱ्या मोठ्या ब्लाइंडला चारही फेऱ्यांत शेवटची पाळी मिळते. लक्षात ठेवायचं तर एवढंच ठेवा: पहिल्या फेरीत ब्लाइंडनी न बघता पैसे टाकलेत, म्हणून त्यांना उशिरा बोलायची सवलत, पुढे ती सवलत संपते.

या सवलतीचा एक भाग घरच्या डावात हमखास खाल्ला जातो. सगळ्यांनी नुसता कॉल केला तरी मोठ्या ब्लाइंडला रेझ करायचा हक्क असतो. वाटणारा घाईत असतो, पैसे सारखे झालेले दिसले की फ्लॉप टाकून मोकळा होतो. मोठ्या ब्लाइंडने 'चेक' (पैसे न वाढवता पाळी पुढे देतो) असं म्हटल्याशिवाय किंवा टेबलावर टकटक केल्याशिवाय फ्लॉप टाकायचा नाही. टाकलाच गेला, तर ते तीन पत्ते उरलेल्या गड्डीत परत घालायचे, फेरी पूर्ण होऊ द्यायची, गड्डी पुन्हा पिसायची आणि नवा फ्लॉप काढायचा. जाळलेला, म्हणजे फ्लॉपआधी पालथाच बाजूला टाकलेला, पत्ता जाळलेलाच राहतो. ज्याला पहिला फ्लॉप आवडला होता त्याला वाईट वाटेल, पण फेरी संपायच्या आत उघडलेले पत्ते कोणाच्याच हक्काचे नसतात.

आता दोघंच उरतात तेव्हाचं. इथे बटण असलेला छोटा ब्लाइंड भरतो, फ्लॉपच्या आधी पहिला बोलतो आणि नंतरच्या तिन्ही फेऱ्यांत शेवटी बोलतो. नवख्यांना हे उलटं वाटतं, कारण इतका वेळ बटण आणि ब्लाइंड वेगळ्या माणसांकडे होते. मीही सुरुवातीला एका बैठकीत बटणवाल्याला मोठा ब्लाइंड भरायला लावला होता. बटण आळीपाळीने जातं, त्यामुळे हिशेब सारखाच होतो असं मला वाटलं. पण खेळ बघता बघता मेला. छोटा ब्लाइंड भरणारा चारही फेऱ्यांत आधी बोलत होता, त्याला काही सुचेना, आणि डावामागून डाव फ्लॉपच्या आधीच फोल्ड होऊन, म्हणजे पत्ते टाकून देऊन, संपत गेले. एका माणसाला एकाच डावात सगळ्या फेऱ्यांची शेवटची पाळी द्यायची नाही, म्हणून हा नियम तसा बेतलेला आहे: पहिल्या फेरीत एकाला, पुढच्या तिन्हीत दुसऱ्याला.

तिघांचे दोघं होताना आणखी एक अडचण येते. समजा बटण पहिल्याकडे, छोटा ब्लाइंड दुसऱ्याकडे, मोठा तिसऱ्याकडे आहे आणि बटणवाला पहिला बाद झाला. नेहमीसारखं बटण एक घर पुढे सरकवलं तर ते दुसऱ्याकडे येतं, आणि तिसऱ्याला सलग दुसऱ्यांदा मोठा ब्लाइंड भरावा लागतो. म्हणून अशा वेळी बटणाकडे बघायचंच नाही. आधी मोठा ब्लाइंड कोणाचा हे ठरवायचं. तिसऱ्याने आत्ताच भरला, तेव्हा आता दुसऱ्याचा. आणि मग बटण आपोआप तिसऱ्याकडे. मोठा ब्लाइंड लागोपाठ दोन डाव एकाच माणसाकडे जाऊ नये यासाठी बटण हलवावं, हे पोकरच्या स्पर्धा चालवणाऱ्यांच्या संघटनेच्या नियमांतही आहे. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन ही संघटना २००१ साली स्थापन झाली आणि तिचे नियम जगभरच्या स्पर्धांमध्ये पाळले जातात. घरी ते सगळे पाळायची गरज नाही, पण वाद अडला की त्यांच्याकडे वळायला हरकत नाही.

'आधी मोठा ब्लाइंड ठरवा, मग मागे मोजत या' हे सूत्र भरलेल्या टेबलावरही चालतं, आणि तुमच्या बटणाच्या भांडणाचं उत्तर त्यातच आहे. बटण पहिल्याकडे, छोटा ब्लाइंड दुसऱ्याकडे, मोठा तिसऱ्याकडे, एकूण सहा जण. दुसरा बाद झाला. पुढच्या डावात मोठा ब्लाइंड चौथ्याचा, छोटा तिसऱ्याचा, आणि बटण ठेवायचं दुसऱ्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर. याला मेलेलं बटण म्हणतात. दुसऱ्याऐवजी तिसरा, म्हणजे मोठा ब्लाइंड भरलेला, बाद झाला तर पुढच्या डावात मोठा ब्लाइंड चौथ्याचा, बटण दुसऱ्याकडे आणि छोटा ब्लाइंड कोणीच भरायचा नाही. त्याच्या पुढच्या डावात मोठा पाचव्याचा, छोटा चौथ्याचा, बटण तिसऱ्याच्या रिकाम्या जागेवर.

बटण सरळ पुढच्या जिवंत माणसाला देऊन टाकायचं, ही सोपी पद्धत घरोघरी दिसते. पहिल्या उदाहरणात तसं केलं तर बटण तिसऱ्याकडे, छोटा ब्लाइंड चौथ्याकडे, मोठा पाचव्याकडे जातो. तिसऱ्याचा छोटा ब्लाइंड चुकला आणि चौथ्याचा मोठा. दोघांना ती फुकटची सूट. मेलेल्या बटणाचीही किंमत आहेच: रिकाम्या जागेच्या उजवीकडच्याला सलग दोन डाव शेवटची पाळी मिळते. म्हणजे दोन्हीकडे थोडा अन्याय आहे. मी मेलेलं बटण निवडतो, कारण त्यात कोणाचे पैसे चुकत नाहीत. ब्लाइंड दर वीस मिनिटांनी वाढत असतील, म्हणजे स्पर्धेसारखा डाव असेल, तर याबाबत तडजोड करू नका. छोट्या रकमांचा साधा कॅश गेम (स्पर्धा नाही, थेट पैशांचा खेळ) असेल आणि टेबलावर नवखे बसले असतील, तर सोपी पद्धत चालवून घ्या. फक्त बैठकीच्या मधे बदलू नका.

कॅश गेममध्ये बाद होण्यापेक्षा उठून जाण्याचा त्रास जास्त. ब्लाइंड येणार असं दिसलं की फोन घ्यायला उठणारा आणि बटण जवळ आलं की परत येणारा एक तरी असतो. त्याला वाईट ठरवायला नको, नियम पुरेसा आहे: ब्लाइंड चुकवून परतलेल्याने एकतर मोठा ब्लाइंड येईपर्यंत थांबावं, किंवा दोन्ही ब्लाइंड भरून आत यावं. मोठा त्याच्या समोर, त्याच्या बेटमध्ये धरला जातो; छोटा सरळ पॉटमध्ये (टेबलाच्या मधल्या पैशांत) जातो, त्याचा हिशेब धरायचा नाही. नव्याने येणाऱ्याने मोठा ब्लाइंड येण्याची वाट बघावी किंवा तेवढी रक्कम भरून बसावं.

पाळी नसताना बोलणं हा सगळ्यात नाजूक भाग, कारण इथे माणसं एकमेकांच्या हेतूवर शंका घेतात. बहुतेक वेळा हेतू काही नसतो, लक्ष नसतं. पण नुकसान खरं असतं. ज्याची पाळी होती त्याला मागच्याचं उत्तर आधीच कळलं, आणि जो मधे बसलाय त्याने काही गुन्हा केला नसताना त्याची बाजू कमजोर झाली. माझ्या टेबलावरचा नियम असा: पाळीआधी बोललेलं लटकून राहतं. पाळी खरी आली तेव्हा परिस्थिती तीच असेल तर ते बांधील. बदलली असेल तर माणूस मोकळा. पहिल्याने अजून काही केलेलं नाही आणि दुसरा 'चेक' म्हणाला. पहिल्याने चेक केलं तर दुसऱ्याचा चेक कायम, आता त्याला बेट करता येणार नाही. पहिल्याने बेट केली तर दुसरा फोल्ड, कॉल, रेझ, हवं ते करू शकतो. तसंच दुसऱ्याने आधीच ३०० ची बेट सांगितली आणि पहिल्याने चेक केलं, तर ते ३०० आत जातात. चेक, कॉल आणि फोल्ड यांनी परिस्थिती बदलत नाही. बेट आणि रेझने बदलते. पाळीआधी फोल्ड केलेले पत्ते मात्र कधीच परत मिळत नाहीत.

काही घरांत पाळीआधी बोललेलं सरसकट रद्द करतात. ते दयाळूपणाचं वाटतं, पण मग कोणीही 'रेझ' म्हणून ओरडून समोरच्याला घाबरवू शकतो आणि त्याने चेक केलं की निवांत 'माफ करा, पाळी नव्हती' म्हणू शकतो. शब्दाला किंमत राहिली नाही की टेबलावर मुद्दाम चुका होऊ लागतात. ज्याची पाळी ओलांडली गेली त्याच्यावरही थोडी जबाबदारी आहे. पुढचे दोन-तीन जण पैसे टाकत असताना तो गप्प बसून राहिला, बोलायला वेळ असूनही बोलला नाही, तर मग त्याला मागे जाऊन रेझ करू द्यायचं नाही. 'थांबा, माझी पाळी' एवढं म्हणणं त्याचं काम.

चेक करून मग रेझ करायला काही घरांत मनाई असते. ही मनाई काढून टाका, असं मी आग्रहाने सांगेन. आधी बोलणाऱ्याकडे उशिरा बोलणाऱ्याच्या विरुद्ध हे एकच चांगलं हत्यार असतं. तो चेक करतो तेव्हा मागच्याला विचार करावा लागतो की हा खरंच दुबळा आहे की वाट बघतोय. ही धास्ती काढून घेतली तर मागचा माणूस प्रत्येक चेकवर बिनदिक्कत बेट करतो, आणि आधी बोलायची जागा, जी मुळातच वाईट आहे, ती आणखी वाईट होते. मनाईमागे 'हे फसवल्यासारखं आहे' अशी भावना असते आणि ती मनापासून असते, हे मला ठाऊक आहे. पण चांगल्या पत्त्यांवर गप्प राहणं हा खेळाचाच भाग आहे.

स्ट्रॅडलचं वेगळं आहे. तो हौसेचा भाग आहे, आणि हौस सगळ्यांची असेल तरच ठेवावा. मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडचा माणूस पत्ते बघण्याआधी मोठ्या ब्लाइंडच्या दुप्पट टाकतो. पहिली पाळी त्याच्या डावीकडून सुरू होते आणि फ्लॉपच्या आधी शेवटची पाळी त्याची, रेझच्या हक्कासह. पुढच्या फेऱ्यांत नेहमीचाच क्रम. पैसे टाकून त्याने एका फेरीपुरती चांगली जागा विकत घेतली, एवढं ठीक. पण मतदान घेण्याआधी सगळ्यांना हे सांगा की १० च्या मोठ्या ब्लाइंडवर १००० घेऊन बसलेल्याकडे १०० ब्लाइंड असतात. २० चा स्ट्रॅडल पडला की तेच ५० होतात. सगळ्यांचाच डाव उथळ होतो, ज्यांनी तो मागितला नाही त्यांचाही.

बटणावरून स्ट्रॅडल मात्र मी चालू देत नाही. बटणवाला पुढच्या तिन्ही फेऱ्यांत शेवटी बोलणारच असतो. पहिलीही त्याला दिली तर चारही फेऱ्या त्याच्या. शिवाय पाळी कुठून सुरू करायची यावर जगात एकमत नाही. काही ठिकाणी छोट्या ब्लाइंडपासून सुरू करून सरळ फिरत येतात. काही ठिकाणी मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडून सुरू करतात, बटण ओलांडून ब्लाइंडकडे जातात आणि मग मागे बटणाकडे येतात. तुमच्या मंडळींना तो हवाच असेल तर पहिली पद्धत ठेवा. ब्लाइंडना ती जाचक आहे, पण निदान उडी मारून मागे यावं लागत नाही. उडी आली की कोणीतरी पाळीआधी बोलतंच.

सगळे पैसे लावणाऱ्याने रेझ पुरतं केलं नाही तर पाळी परत खुली होते का, हेही आधीच ठरवा. फ्लॉपवर पहिल्याने ३०० ची बेट केली. दुसऱ्याकडे ४०० च आहेत, त्याने ऑल-इन केलं. पुरतं रेझ व्हायला ६०० लागले असते. तिसरा अजून बोललेला नाही, तो रेझ करू शकतो. पण त्याने ४०० चा कॉल केला, तर पहिल्याकडे परत आल्यावर त्याला फक्त वरचे १०० भरायचे किंवा फोल्ड करायचं, रेझ नाही. असे दोन-तीन अपुरे ऑल-इन मिळून पुरत्या रेझइतकी वाढ झाली तर मात्र त्याचा हक्क परत येतो. हा नियम कागदावर नसेल तर सगळ्यात मोठ्या पॉटवर वाद होतो, कारण ऑल-इन मोठ्या पॉटमध्येच पडतात.

डाव वाटणाऱ्याने खेळाचा प्रकार निवडायचा अशी तुमच्याकडे पद्धत असेल, तर सात पत्त्यांच्या स्टडसाठी वेगळी ओळ लागेल. तिथे बटण नसतं, उघडे पत्ते पाळी ठरवतात. पहिल्या फेरीत सगळ्यात लहान उघडा पत्ता असलेल्याला सक्तीची बेट टाकून सुरुवात करावी लागते. दोघांकडे दुर्री असेल तर रंग बघायचा: किलवर सगळ्यात खाली, मग चौकट, मग बदाम, सगळ्यात वर इस्पिक. म्हणजे किलवरची दुर्री कायम पहिली. चौथ्या पत्त्यापासून उलट, ज्याचे उघडे पत्ते सगळ्यात भारी तो आधी बोलतो. बरोबरी झाली तर वाटणाऱ्याच्या डावीकडून जवळचा. रॅझमध्ये, जिथे सगळ्यात हलका हात जिंकतो, दोन्ही फिरवायचं: सक्तीची बेट सगळ्यात मोठ्या पत्त्याची, तिथे एक्का लहान धरतात म्हणून राजा सगळ्यात वर, आणि पुढे सगळ्यात हलके उघडे पत्ते असलेला आधी. स्टडचा डाव मधे आला तर होल्डेमचं बटण होतं तिथेच गोठवा आणि होल्डेम परत सुरू झाल्यावर तिथून पुढे न्या. नाहीतर ज्याच्या बटणावर स्टड आला त्याची शेवटची पाळी गेली.

पत्ते उघडताना शेवटच्या फेरीत शेवटची बेट किंवा रेझ करणारा आधी. सगळ्यांनी चेक केलं असेल तर बटणाच्या डावीकडून पहिला. एक वस्तू मात्र आजच टेबलावर आणा: बटण. वाटणारा तोच बटण असं धरून चालू नका, कारण कोणीतरी नीट पिसता येत नाही म्हणून शेजाऱ्याला वाटायला सांगतो आणि दोन डावांनी कोणालाच आठवत नाही बटण कोणाचं होतं. जाड, रंगीत, चिप्सपेक्षा वेगळी दिसणारी कुठलीही चकती चालेल. ती हलवायचं काम एकाच माणसाकडे द्या, आणि वाद झाला तर निर्णय त्या डावात पत्ते नसलेल्या माणसाने द्यावा, कागदावर जे लिहिलंय तेवढंच वाचून. कागदात नसेल असं काही निघालं तर त्या डावापुरता पॉट जसा आहे तसा पूर्ण करा आणि नवी ओळ पुढच्या बैठकीपासून लागू करा, त्या रात्री नाही.